विनंती विशेष

आमच्या इमारतीत कुणावर इंग्रजी पत्र लिहायची वेळ आली की ते लिहून आणतात आणि म्हणतात, "काका, ग्रामर तेवढं बघा." मी विमा कंपनीच्या पत्रव्यवहार विभागातून निवृत्त झालो, ही बातमी कुणीतरी फोडली आहे. तेव्हापासून बिल्डरविरुद्धची तक्रार, व्हिसाचं पत्र, मुलाच्या शाळेत द्यायची चिठ्ठी, परदेशातल्या साहेबाला जाणारी मेल असं काहीबाही माझ्यापुढे येत असतं. मला ते आवडतं. दुसऱ्यांची पत्रं राजरोस वाचायला मिळणं हे काही लहान सुख नाही.

पण ग्रामर नीट केलं म्हणजे पत्र नीट झालं, असं होत नाही. ज्या वाक्यात बोट ठेवायला जागा नाही, नेमकं तेच वाक्य समोरच्याला झोंबतं. आणि एखादं चुकांनी भरलेलं पत्र आपलं काम करून मोकळं होतं. असं का, याचा माग काढत गेलं की मी दर वेळी शाळेतल्या रजेच्या अर्जापाशी येऊन पोचतो. ते पुढे येईलच. आधी ग्रामरचं उरकून घेऊ.

मराठी माणसाच्या इंग्रजीतल्या चुका ठरलेल्या आहेत आणि प्रत्येकीच्या मागे मराठी उभी असते. आपण माणसावर रागावतो, म्हणून 'अँग्री ऑन मी'. लग्न कुणाशी तरी होतं, म्हणून 'मॅरीड विथ'. चर्चा एखाद्या गोष्टीबद्दल होते, म्हणून 'डिस्कस अबाउट'. परीक्षा आपला विद्यार्थी देतो, इंग्रजीत 'गिव्ह' करतो तो परीक्षक. 'मी पुण्यातच राहतो' यातला 'च' कुठेतरी बसवायचा म्हणून वाक्याच्या शेपटाला 'ओन्ली' येतो. 'कझिन' एवढ्यावर आपलं समाधान होत नाही, कारण तो भाऊ की बहीण हे न सांगता पुढे जाणं आपल्याला चोरटेपणाचं वाटतं. या चुका मी दुरुस्त करतो, पण त्यांच्यावर राग धरत नाही. वाचणाऱ्याला अर्थ कळतो.

मी खरा घाबरतो तो 'की'ला. आपल्याकडे दुसऱ्याचं बोलणं सांगताना ते त्याच्याच तोंडून जसंच्या तसं सांगायची रीत आहे: तो म्हणाला की मी उद्या येतो. येणार कोण, याबद्दल मराठीत कुणाला शंका नसते. तेच 'ही सेड दॅट आय विल कम टुमारो' असं उतरवलं की उद्याची वारी आपल्या गळ्यात पडते. नोकरीत असताना एका अपघाताच्या दाव्यात गाडीमालकानं लिहिलं होतं की ड्रायव्हर म्हणाला, 'आय वॉज स्लीपिंग'. अवतरणचिन्ह नव्हतं, फक्त 'दॅट' होता. झोपलं कोण होतं, ड्रायव्हर की मालक? आणि मालक झोपला असेल तर मागच्या सीटवर की स्टिअरिंगवर? फाइल तीन टेबलं फिरून आली. शेवटी गाडीमालकाला बोलावून मराठीत विचारलं, तेव्हा दोन मिनिटांत उलगडा झाला.

चालू वर्तमानकाळाची आपली हौस तर जगजाहीर आहे. निस्सीम इझिकेल यांनी 'गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.' या कवितेत तिची यथेच्छ टिंगल केली. इझिकेल मुंबईचे, बेने इस्रायली, म्हणजे ज्या समाजाच्या घरांत मराठी बोलली जाते त्यातले, आणि इंग्रजीचे प्राध्यापक. त्यांचा कान दोन्हीकडून तयार होता. ती कविता वाचून कॉलेजात आम्ही गडाबडा लोळलो होतो. आता वाचली की हसू येतं, पण त्याबरोबर असंही वाटतं की त्यातला तो भरकटणारा वक्ता पुष्पाबाईंबद्दल बोलतोय ते आपुलकीनं, आणि ते त्या चुकलेल्या क्रियापदांतूनही पोचतं. 'आय ॲम अंडरस्टँडिंग' लिहिलं म्हणून कुणाचं काम अडलेलं मी पाहिलेलं नाही.

'अ' आणि 'द' यांचं मात्र मी कुणाला फारसं काही शिकवू शकत नाही. एवढंच सांगतो की वाचणारा 'कुठला?' असं विचारील का, याचा अंदाज घ्या. कुठला ते त्याला ठाऊक असेल तर 'द', त्याची नि त्या वस्तूची पहिलीच भेट असेल तर 'अ'. बरेचदा भागतं. बाकी पंचगंगेला 'द' लागतो आणि रंकाळ्याला लागत नाही, आणि का लागत नाही असं विचारायचं नसतं.

आता तो अर्ज.

माझ्या पिढीचं इंग्रजी पाचवीत सुरू झालं आणि आमच्यापैकी बहुतेकांनी आयुष्यात लिहिलेलं पहिलं खरं इंग्रजी पत्र म्हणजे हेडमास्तरांना रजेचा अर्ज. मित्राला लिहायचं पत्रही पुस्तकात होतं, पण ते परीक्षेपुरतं, आणि त्यातला मित्र खोटा होता. त्याला आपण महाबळेश्वरच्या सहलीला बोलवायचो, तो कधी यायचा नाही. हेडमास्तर मात्र खरे होते. त्यांना लिहायचं ते 'आय बेग टु स्टेट' अशी सुरुवात करून. अंगात ताप असलेलं दहा-अकरा वर्षांचं पोर, मला ताप आहे एवढं सांगण्यासाठी आधी पदर पसरायचं, आणि शेवटी आपण आज्ञाधारक असल्याचं लिहून द्यायचं. 2000 साली महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून आलं. तो अर्ज गेलेला नाही. माझ्या नातवाच्या वहीत मी तो ओळखीच्या माणसासारखा पाहिला.

हे व्याकरण-रचनेचे धडे ज्या पुस्तकातून आले ते रेन आणि मार्टिन. त्यातले रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात होते आणि पुढे 1924 साली 'बो जेस्ट' ही फ्रेंच फॉरिन लीजनच्या शिपायांची साहसकथा लिहून जगभर गाजले. वाळवंटातल्या किल्ल्यात मेलेल्या शिपायांना तटावर उभं करून लढाई चालवणारा हा लेखक. आमच्या वाट्याला त्याच्याकडून आली ती क्रियाविशेषणं.

पण दोष त्या पुस्तकाचाही नाही. इंग्रजी आपल्याकडे आलं तेच दोन पोशाखांत. वरून खाली यायचं ते हुकूम होऊन, खालून वर जायचं ते अर्ज होऊन. 1870 साली पुण्यात सार्वजनिक सभा निघाली, तिचं मोठं काम काय होतं? सरकारला इंग्रजीत निवेदनं धाडणं. गोपाळ कृष्ण गोखले ऐन विशीत न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली ज्या इंग्रजीत घडले, ते या निवेदनांचं इंग्रजी. कित्येक निवेदनांची सरकार नुसती पोच देऊन मोकळं होत असे. ही मेहनत मग कशासाठी, असं गोखल्यांनी एकदा वैतागून विचारलं, तेव्हा रानड्यांनी त्यांना समजावलं की ही निवेदनं नावापुरती सरकारसाठी आहेत. वाचायची आहेत ती आपल्या लोकांनी. ही आठवण गोखल्यांनीच सांगितलेली आहे. मला त्यात एक बारीक धडा दिसतो. पाकिटावर नाव कुणाचंही असो, कोण वाचणार हे रानड्यांना पक्कं माहीत होतं. गोखल्यांचं इंग्रजी इतकं नितळ, हिशेबी आणि अर्जाच्या चौकटीत राहूनही ताठ कसं, याचं उत्तर थोडंफार इथे असावं.

1907 साली जी. सी. व्हिटवर्थ या मुंबई इलाख्यात नोकरी केलेल्या सनदी अधिकाऱ्यानं भारतीयांच्या इंग्रजीतल्या चुकांवर आख्खं पुस्तक काढलं. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1909 मध्ये, ओखिलचंद्र सेन नावाच्या बंगाली गृहस्थानं साहिबगंजच्या रेल्वे कचेरीला एक पत्र लिहिलं. ते आता दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे आणि थट्टेसाठी पुन्हा पुन्हा छापलं जातं. गाडी अहमदपूर स्टेशनात थांबली, फणस खाऊन पोट फुगलेलं, म्हणून हे शौचाला उतरले. तेवढ्यात गार्डनं शिट्टी दिली. एका हातात लोटा, दुसऱ्या हातात धोतर धरून धावताना हे पडले आणि फलाटावरच्या बायकापुरुषांसमोर नको ते झालं. गाडी निघून गेली. गार्डाला दंड करा, नाहीतर मी वर्तमानपत्रांत लिहीन. व्हिटवर्थसाहेबांनी त्या पत्राच्या जवळजवळ प्रत्येक ओळीवर खूण केली असती. पण मी पत्रव्यवहार विभागातला माणूस आहे, मी ते वेगळं वाचतो. ठिकाण आहे, कारण आहे, काय घडलं ते क्रमानं आहे, नुकसान काय झालं ते आहे, मागणी आहे, मुदतीऐवजी धमकी आहे. दाव्याच्या पत्रात आणखी काय लागतं? याच पत्रामुळे खालच्या वर्गाच्या डब्यांत संडास आले, असं सांगतात. आणि 'आय बेग टु स्टेट' म्हणत बसायला त्या माणसाला उसंत नव्हती, हे त्याचं भाग्य.

हुकूम आणि अर्ज. बरोबरीच्या माणसानं बरोबरीच्या माणसाला लिहायचं इंग्रजी आपल्याला कुणी शिकवलंच नाही, आणि आज रोजच्या व्यवहारात लागतं ते नेमकं तेच.

तिसऱ्या मजल्यावरचा एक मुलगा सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्याच्या कामाचा दुसरा अर्धा भाग इंग्लंडात लीड्स शहरात बसतो. एका संध्याकाळी तो तणतणत आला. त्यानं तिकडच्या सहकाऱ्याला लिहिलं होतं: 'किंडली डू द नीडफुल ॲट द अर्लिएस्ट.' उत्तर एका ओळीचं, बर्फासारखं गार. "काका, यात ग्रामरची चूक कुठाय?" नव्हतीच. मीही नोकरीत हे वाक्य ढिगानं लिहिलेलं आहे. जुन्या काळी ते इंग्लंडच्या कचेऱ्यांतही चालायचं, आपण ते जपून ठेवलं आणि त्यांनी टाकून दिलं. गंमत अशी की लिहिणारा त्यात नम्रपणे वाकलेला असतो आणि वाचणाऱ्याला मात्र दरडावल्यासारखं वाटतं. आजच्या इंग्रजाच्या कानाला 'किंडली' हा शब्द चिडक्या मास्तरीणबाईंचा आहे, हिरवळीवर पाय देऊ नका म्हणणाऱ्या पाटीचा आहे.

हे का होतं, ते मी त्याला सांगायचा प्रयत्न केला. आपला सगळा आदर क्रियापदात मुरलेला असतो. कर, करा, करावं, करावं ही विनंती. तू, तुम्ही, आपण. शेवटची अक्षरं बदलली की माणूस एकेक पायरी वर चढतो. इंग्रजीत 'यू' एकच, 'डू' एकच. 'आपण फाइल पाठवावी' यातलं 'आपण' आणि 'वी' इंग्रजीत उतरतच नाही, उरतं ते उघडंबोडकं 'सेंड द फाइल'. ते आपल्यालाच बोचतं, म्हणून आपण त्यावर 'किंडली' चिकटवतो. ते 'किंडली' म्हणजे आपलं 'कृपया', आणि 'कृपया' तरी आपण कुठे बोलतो? घरात पानावर बसून कुणी 'कृपया मीठ वाढा' म्हणालं तर बाकीचे घास थांबवून बघतील.

मी त्याला विचारलं, "हाच माणूस तुझ्या शेजारच्या टेबलावर असता, आणि मराठी असता, तर काय म्हणाला असतास?"

तो म्हणाला, "म्हटलं असतं, अरे, ती फाइल जरा बघतोस का? आज जमलं तर बरं होईल, उद्या क्लायंटला दाखवायची आहे."

"मग हेच लिही."

"इंग्रजीत?"

"इंग्रजीतच."

आम्ही ते शब्दाला शब्द धरून बघितलं. 'बघतोस का?' हा प्रश्न आहे, हुकूम नाही. इंग्रजी 'कुड यू' हेच करतं. 'जमलं तर' ही समोरच्याला ठेवलेली पळवाट. इंग्रजीतही ती ठेवतात. 'उद्या क्लायंटला दाखवायची आहे' हे कारण, आणि कारण दिलं की घाई उद्धट वाटत नाही. 'ॲट द अर्लिएस्ट' मध्ये घाई आहे आणि कारण नाही. फार काय, इंग्रज लोक आत्ताची गोष्ट विचारताना भूतकाळात शिरतात, 'आय वॉज वंडरिंग' म्हणतात, त्याचं आपल्याला शाळेत केवढं अप्रूप वाटायचं! आणि आपण दारात उभं राहून काय म्हणतो? "मला जरा एक विचारायचं होतं." होतं! अजून विचारलेलंही नाही. समोरच्याला अवघडायला होऊ नये म्हणून आपणही काळ एक पाऊल मागे घेतोच.

म्हणजे सामान सगळं घरात आहे. फक्त आपण इंग्रजी लिहायला बसलो की बोलण्यातली मराठी बाहेर ठेवतो आणि अर्जातली मराठी आत घेतो. माझं मत असं झालं आहे की मराठी माणसानं इंग्रजीत विचार करावा वगैरे जो उपदेश होतो तो रोजच्या पत्रापुरता निरुपयोगी आहे. त्यानं मराठीत विचार करावा, पण जिन्यात भेटलेल्या माणसाशी बोलतो त्या मराठीत.

त्या मुलानं हे जरा जास्तच मनावर घेतलं. पुढच्या मेलमध्ये 'सॉरी टु डिस्टर्ब यू' दोनदा आणि 'सर' चारदा आलं. लीड्सचा माणूस त्याच्यापेक्षा वयानं लहान निघाला.

शब्दांच्या निवडीचंही दुखणं याच घराण्यातलं. हुकमाला वजन लागतं, अर्जाला अदब लागते, आणि दोन्हीसाठी आपण लांब शब्द वापरतो. हा रोग मूळ इंग्रजांचाच. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारची कागदपत्रं जनतेला कळेनाशी झाली, तेव्हा तिथल्या अर्थखात्यानं सर अर्नेस्ट गॉवर्स या ज्येष्ठ अधिकाऱ्याला सरकारी नोकरांसाठी एक पुस्तिका लिहायला सांगितलं. 1948 साली 'प्लेन वर्ड्स' निघालं, 1954 साली वाढवून 'द कंप्लीट प्लेन वर्ड्स'. गॉवर्सची सरकारी कारकीर्द सुरुवातीच्या काळात लंडनच्या इंडिया ऑफिसात गेली होती, म्हणजे आपल्याकडून जाणारी निवेदनं जिथे पोचत त्याच इमारतीत. त्याचं सांगणं मला पटतं ते असं, की उत्तर लिहिण्याआधी समोरच्याच्या जागी बसून बघा. त्यानं कुठल्या अडचणीत लिहिलंय, तुमच्या खात्याची भाषा त्याला कशाला ठाऊक असेल. 'प्लेन वर्ड्स'च्या दोन वर्षं आधी जॉर्ज ऑर्वेलनं, ज्याचा जन्म बिहारातल्या मोतिहारीचा, राजकारण आणि इंग्रजी भाषेवरच्या निबंधात सहा नियम घालून दिले होते: छोटा शब्द असताना मोठा नको, गाळता येईल तो गाळा, अशा चालीचे. शेवटचा नियम असा की रानटी काही लिहिण्याची पाळी येत असेल तर वरचे सगळे नियम मोडा. नियम सांगणाऱ्यांत हे औदार्य क्वचित दिसतं.

आपल्याकडे याला आणखी एक पीळ आहे. 'आपणांस या पत्राद्वारे कळविण्यात येते की' हे मराठी बोलता-बोलता जन्मलेलं नाही. इंग्रजी कचेरीतल्या वाक्यांचं ते भाषांतर. ते इतकं रुजलं की आता आपण त्याचं परत इंग्रजी करतो. दोनदा उकळलेल्या चहाच्या पत्तीला जो रंग येतो तो त्या इंग्रजीला असतो.

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी पाण्याच्या टाकीच्या सफाईची नोटीस आणली. सर्व सभासदांना याद्वारे 'इंटिमेट' करण्यात आलं होतं. पाणीपुरवठा 'डिसकंटिन्यू' होणार होता, 'इनकन्व्हीनियन्स'बद्दल खेद होता, 'को-ऑपरेशन' 'सॉलिसिट' केलेलं होतं. वार चौथ्या ओळीत होता. मी लिहून दिलं: 'नो वॉटर ऑन ट्यूजडे, टेन टु फोर. वी आर क्लीनिंग द टँक.' सेक्रेटरींनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "बरोबर आहे हो, पण हे नोटिशीसारखं वाटत नाही. कुणी मनावर घेणार नाही." त्यांचंही अगदीच खोटं नव्हतं. 'हिअरबाय' वाचलं की माणूस जरा सावरून उभा राहतो. कुणीतरी अधिकारानं बोलतंय एवढं तरी कळतं. नोटीस त्यांचीच लागली. सोमवारी रात्री निम्मी इमारत वॉचमनला विचारत होती की पाणी उद्या नाही की परवा.

आता यंत्रं आली आहेत. पूर्वी संगणक चुकलेल्या शब्दाखाली लाल नागमोडी रेघ ओढायचा, तेवढंच. आता तो आख्खं पत्र लिहून देतो, आणि 'अ' नि 'द' यांत तो माझ्यापेक्षा सरस आहे. ते काम मी त्याच्या हवाली आनंदानं केलं. तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा हल्ली मेल त्यालाच लिहायला सांगतो. मेल सुरेख येते. 'ही मेल आपणांस सुखरूप भेटेल अशी आशा' या चालीच्या वाक्यानं सुरू होते आणि आभारानं संपते. पण लीड्सच्या माणसाशी गुरुवारी त्याचं फोनवर वाजलं होतं, आणि शुक्रवारच्या मेलमध्ये पहिल्या ओळीत त्याची काहीतरी दखल हवी होती, हे त्याच्या यंत्राला कोण सांगणार? त्यानंही सांगितलं नव्हतं. गुळगुळीत मेल गेली, आणि तिकडच्या माणसाला वाटलं की हा जाणूनबुजून काही झालंच नाही असं दाखवतोय. भांडणानंतर मराठीत आपण "कालचं मनावर घेऊ नकोस रे" म्हणतो तेव्हा त्यात व्याकरण कितीसं असतं?

हे सगळं ज्यांच्यामुळे माझ्या मनात अधिक घोळलं त्या आमच्या शेजारच्या वहिनी. त्यांच्या मुलीनं कॅनडातल्या मुलाशी लग्न केलं. मुलगा तिकडचाच, गोरा. लग्न तिकडे साधेपणानं झालं, वहिनींना जाता आलं नाही. मुलगी माहेरपणाला येऊन परत निघाली, तेव्हा वहिनींनी विहिणीसाठी साडी, लाडू आणि लिंबाच्या गोड लोणच्याची बरणी काढली आणि बरोबर पत्र द्यायचं ठरवलं. मसुदा माझ्याकडे आला. वर मायना: 'रिस्पेक्टेड मॅडम'.

विहिणीला काय लिहायचं याचं आपल्याकडे शास्त्र आहे. मुलीकडच्यांनी नमतं घ्यायचं, मानपान सांभाळायचा, आमच्या मुलीचं काही चुकलंमाकलं तर पदरात घ्या म्हणायचं. वहिनींनी ते सगळं इंग्रजीत घातलं होतं. 'इफ माय डॉटर इज डुइंग एनी मिस्टेक, प्लीज फर्गिव्ह.' मी म्हटलं, हे वाचून त्या बाईंना वाटेल की मुलीनं काहीतरी भलतंच केलंय आणि तुम्ही आधीच वकील दिलाय. वहिनी हसल्या, पण ओळ काढायला तयार होईनात. "अहो, पण मुलीच्या आईनं एवढं म्हणायला नको?"

म्हणायला हवं की नको, हा माझा प्रांत नव्हता. मी विचारलं की त्या बाई इथे या खोलीत बसल्या असत्या तर तुम्ही काय सांगितलं असतंत. वहिनी थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग सांगत सुटल्या. मुलगी बोलते खूप, पण वाईट वाटलं की गप्प बसते. तेव्हा तिला विचारावं लागतं. सकाळी उपाशी राहते. थंडी तिला सोसत नाही, लहानपणी दम्याचं होतं. मुलगा फोनवर 'आई' म्हणतो, फार गोड म्हणतो, त्याला असं वाढवलंत म्हणून बरं वाटलं. मी हे जमेल तसं इंग्रजीत उतरवत गेलो आणि नमतं घेणाऱ्या ओळी एकेक करून आपोआप गळाल्या. 'मॅडम'च्या जागी त्यांचं पहिलं नाव आलं. त्यावर वहिनी बराच वेळ अडून बसल्या, विहिणीला नावानं कशी हाक मारू म्हणून. शेवटी मुलीनंच आतून ओरडून सांगितलं की ती मला पहिल्या दिवसापासून तिचं नाव घ्यायला सांगते आहे. 'व्हेन शी इज सॅड, शी इज नॉट टॉकिंग' हे वहिनींचं वाक्य मी तसंच ठेवलं. चालू वर्तमानकाळ तिथे चुकीचा आहे, पण बदलून बघितला तर ते डॉक्टरांच्या रिपोर्टातलं वाटायला लागलं.

मग बरणीची चिठ्ठी. ती वहिनींनी स्वतः लिहिली होती: 'यूज ओन्ली ड्राय स्पून. डू नॉट पुट हँड. कीप लिड टाइट.' एवढ्या वेळात माझ्याकडून 'कुड यू' आणि 'जमलं तर'चं बरंच ऐकून त्या धास्तावल्या होत्या. "काका, हे तर सगळे हुकूमच झाले. पहिल्यांदाच लिहितेय मी त्यांना. इथे 'कुड यू' घालू का?"

मी सांगितलं, नको. ज्याच्या भल्याचं आहे त्याला आज्ञार्थी सांगितलेलं इंग्रजीत कुणाला लागत नाही. 'कम इन', 'सिट डाउन', 'हॅव सम मोअर' हे सगळे हुकूमच की. पाककृतीच्या पुस्तकात तर दुसरं काही नसतंच. आपण नाही का पाहुण्याला दटावून वाढत?

"मग ठीक आहे," वहिनी म्हणाल्या. त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं, 'ड्राय'खाली दोन रेघा ओढल्या, आणि खाली चौथं वाक्य वाढवलं: टेल युअर हजबंड ऑल्सो.